बातमीत व्यंग कुठे गेलं?

एका दैनिकाच्या डेस्कवर नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीने विचारलं आहे: 'नेत्यांवर व्यंग केलं की नेते चिडणार, हे कळतं. पण माध्यमंसुद्धा व्यंग करणाऱ्याकडेच संशयाने का बघतात? आणि उद्या अशी बातमी माझ्यापुढे आली, तर ती मी कशी करू?' मराठी दैनिकांत मी उपसंपादकाच्या खुर्चीपासून संपादकीय पानापर्यंत कामं केली, व्यंगचित्रकारांच्या शेजारी बसूनच माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नेत्याच्या रागाने व्यंगाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त आपण केलेल्या बातमीने होतं. बातमीत कार्यकर्त्यांचा राग येतो, फुटलेल्या काचा येतात, माफीची मागणी येते, दोन्ही बाजूंच्या प्रवक्त्यांची भांडणं येतात. मूळ व्यंगात काय म्हटलं होतं, तेवढं मात्र येत नाही. मग वाचकाने ठरवायचं कशाच्या आधारावर?

ताजं उदाहरण आपल्याच मुंबईतलं घ्या. २३ मार्च २०२५च्या रात्री एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारमधल्या हॅबिटॅट स्टुडिओत तोडफोड केली. विनोदकार कुणाल कामराने त्या जागी चित्रित केलेल्या कार्यक्रमात एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबन म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक हातोडे घेऊन त्याच जागी पोचलं. कामरावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ (सार्वजनिक उपद्रव होईल अशी विधानं) आणि ३५६ (बदनामी) खाली गुन्हा दाखल झाला. तोडफोडीच्या गुन्ह्यात पकडलेल्यांना लगेच दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला.

आता त्या गाण्यात होतं काय? एकनाथ शिंदे यांचं नाव नव्हतं. ठाण्याची रिक्षा होती, दाढी होती, चष्मा होता, गुवाहाटी होती आणि 'गद्दार' हा शब्द होता. शिंदे यांच्या जून २०२२ मधल्या बंडापासून महाराष्ट्रात हा शब्द किती वेळा उच्चारला गेला असेल याचा विचार करा. उद्धव ठाकरे यांच्या गटाच्या जवळजवळ प्रत्येक सभेत तो होता. ऑगस्ट २०२२च्या अधिवेशनात विरोधी आमदार विधान भवनाच्या पायऱ्यांवर बसून 'पन्नास खोके, एकदम ओके' म्हणत होते. ती घोषणा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर, फोटोसकट छापली. तिला कोणी आक्षेपार्ह म्हटलं नाही. राजकीय टीका म्हणून ती छापली गेली आणि ते योग्यच होतं. तोच आरोप एका विनोदकाराने गाण्यात घातला, तेव्हा मात्र किती ठिकाणी 'कामराची जीभ घसरली' या चालीचे मथळे लागले! आरोप तोच, त्याला आधार म्हणून असलेली घटना तीच. फरक एवढाच की या वेळी बोलणाऱ्याच्या मागे पक्ष नव्हता, आमदार नव्हते, मतं नव्हती. माध्यमांची जी सवय मोडायला हवी असं मला वाटतं, ती हीच. राजकारण्याने केलेल्या आरोपाला आपण बातमी मानतो. ज्याच्याकडे सत्ता नाही त्याने तेच म्हटलं, तर त्याच्या सभ्यतेची तपासणी सुरू करतो.

कामराने माफी मागायला नकार दिला. त्या निवेदनात त्याने माध्यमांनाही एक गोष्ट सुनावली होती: या सगळ्या तमाशाचं इमानेइतबारे वार्तांकन करत बसलेल्यांनी लक्षात ठेवावं की पत्रकारितेच्या स्वातंत्र्याच्या यादीत भारत १५९ व्या क्रमांकावर आहे. त्याच्या निवेदनातलं हे वाक्य आपल्याबद्दल होतं. ते किती पानांवर आलं, हे जुने अंक काढून जरूर बघा.

असं का होतं, याची कारणं मी आतून पाहिली आहेत. पैशाचं कारण सगळ्यांना माहीत असतं, पण ते रोजच्या कामात कसं उतरतं हे बाहेरून दिसत नाही. एका दैनिकात असताना आमच्या व्यंगचित्रकाराने पहिल्या पानासाठी एक पॉकेट कार्टून दिलं. खड्डे बुजवण्याची घोषणा करणारे मंत्री स्वतःच खड्ड्यात उतरून नारळ फोडताहेत आणि खड्डा इतका खोल की वर फक्त हात आणि नारळ दिसतोय. पान लागलं होतं. रात्री जाहिरात विभागातून फोन आला की दोन दिवसांनी त्याच खात्याची पानभर जाहिरात आहे. चित्र निघालं आणि त्या जागी रक्तदान शिबिराची दोन परिच्छेदांची बातमी बसली. मंत्र्यांनी ते चित्र कधी पाहिलंच नाही, त्यामुळे ते चिडलेही नाहीत. कोणी धमकी दिली नाही, कोणी बंदी घातली नाही. व्यंगचित्रकाराला सकाळी अंक उघडल्यावर कळलं. त्यानंतर बराच काळ त्याच्या चित्रांत चेहरा ओळखू येईल असा मंत्री नव्हता, नुसताच टोपीवाला 'नेता' होता. नेत्यांवरचं व्यंग आपल्याकडे कमी होत गेलं ते बहुतेक वेळा असं, रात्री साडेदहाच्या फोनने.

दुसरं कारण पैशापेक्षा खोल आहे, आणि त्यासाठी वॉशिंग्टनचं उदाहरण मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. २९ एप्रिल २००६ ला व्हाइट हाउस वार्ताहर संघाच्या वार्षिक मेजवानीत स्टीफन कोल्बेअर या विनोदकाराला बोलावलं होतं. टीव्हीवर तो एका कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग घेत असे. त्याच सोंगात, अध्यक्ष जॉर्ज बुश काही फुटांवर बसलेले असताना, त्याने त्यांची स्तुती करायला सुरुवात केली. त्या काळी बुश यांची लोकप्रियता ३२ टक्क्यांच्या आसपास घसरली होती. तुम्ही या आकड्यांकडे लक्ष देऊ नका, ते फक्त वास्तवात लोक काय विचार करतात ते दाखवतात, असा त्याचा सूर. मग तो समोर बसलेल्या पत्रकारांकडे वळला. इराकमधली संहारक शस्त्रं असोत की करकपात, आम्हाला जाणून घ्यायचं नव्हतं आणि तुम्ही शोधून न काढण्याचं सौजन्य दाखवलंत, अशा अर्थाचं तो बोलला. सभागृहात हशा तुरळक झाला.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत भर होता तो बुश यांनी स्वतः केलेल्या विनोदी प्रवेशावर. त्यांनी आपल्या एका नकलाकाराला शेजारी उभं करून जोडीने भाषण केलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या बातमीत कोल्बेअरचं नावही नव्हतं. पण सी-स्पॅन वाहिनीने कार्यक्रम दाखवला होता, त्याची चित्रफीत इंटरनेटवर पसरली, लाखो लोकांनी ती पाहिली. मग वर्तमानपत्रांना दखल घ्यावी लागली आणि ती कशी घेतली? तो विनोदी नव्हता, तो उद्धट होता, असे स्तंभ आले. वॉशिंग्टन पोस्टच्या रिचर्ड कोहेन यांचा स्तंभ त्यातला सगळ्यात गाजलेला. कोल्बेअर जे म्हणाला ते खरं की खोटं, इराकबद्दल आपण प्रश्न विचारले होते की नव्हते, यावर फार थोड्यांनी लिहिलं. पुढच्या वर्षी वार्ताहर संघाने रिच लिटल या मवाळ, जुन्या नकलाकाराला बोलावलं. २०१८ मध्ये मिशेल वुल्फच्या भाषणावर गदारोळ झाला, तेव्हा संघाने तिच्यापासून अंतर राखणारं निवेदन काढलं आणि २०१९ ला विनोदकाराऐवजी एका इतिहासकाराला उभं केलं. २०२५ मध्ये तर आधी निमंत्रण दिलेल्या विनोदकार स्त्रीचा कार्यक्रमच रद्द केला.

मी हे उदाहरण तरुण सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण त्यात ना शाखाप्रमुख आहे, ना हातोडा, ना गुन्हा. कोणी घाबरवलेलं नसताना पत्रकार असे वागले. नेत्यावरचं चांगलं व्यंग नेहमी एक प्रश्न मागे ठेवतं: हे एका विदूषकाला दिसलं, तर रोज त्या नेत्याच्या दारात उभ्या असणाऱ्यांना का दिसलं नाही? तो प्रश्न आपल्याला बोचतो. मग विनोदाच्या दर्जावर बोलणं सोपं पडतं. आपल्याकडच्या वार्तांकनातही हे दडलेलं असतं, फक्त काचा फुटल्याचा आवाज मोठा असल्यामुळे ते चटकन लक्षात येत नाही.

विनोदाचा दर्जा आणि बोलण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने फार चांगलं शिकवलं आहे. डेस्कवरच्या प्रत्येकाने तो निकाल वाचायला हवा. कानपूरचा व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी याला सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या काळात त्याने संसद, राजमुद्रा यांवर चित्रं काढली होती. १७ मार्च २०१५ च्या निकालात न्यायालयाने ती सात चित्रं पाहून स्पष्ट नोंदवलं की यांत मार्मिकता, विनोद किंवा उपरोध सापडणं अवघड आहे, संताप आणि किळस मात्र आहे. आणि लगेच पुढे म्हटलं की तेवढ्या कारणाने त्याच्या अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही, कारण हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोपच नाही. चित्र वाईट आहे आणि तरीही तो त्याचा हक्क आहे, ही दोन वाक्यं एका दमात म्हणायला न्यायमूर्तींना अडचण आली नाही. आपले अग्रलेख मात्र 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवंच, पण' इथे येऊन अडखळतात आणि उरलेले चार परिच्छेद त्या 'पण'वर खर्च करतात.

खारच्या घटनेनंतर पाचच दिवसांनी, २८ मार्च २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या त्या निकालात कविता, नाटक, चित्रपट, कला यांच्या जोडीला व्यंगाचाही उल्लेख आहे. शब्दांचा परिणाम खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नाही, असं त्यात सांगितलं आहे. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत थेट एफआयआर न नोंदवता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणं उचित, असंही न्यायालय म्हणालं. ही माहिती पुढे तुमच्या कामाला येईल.

याचा अर्थ दुखावलेल्या प्रत्येकाला आपण उडवून लावायचं असा नाही. व्यंग कोणाकडे तोंड करून आहे, हे बघावंच लागतं. सप्टेंबर २०१६ मध्ये 'सामना'त मराठा मूक मोर्चावर जे चित्र आलं, ते कोणत्याही सत्ताधाऱ्यावर नव्हतं. रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या माणसांवर होतं, त्यांत हजारो स्त्रिया होत्या. ते छापायलाच नको होतं, असं माझं मत आहे. उद्धव ठाकरे यांनी नंतर माफी मागितली. कचेऱ्यांवर दगडफेक झाली ती गैरच, पण इथे मी चित्रकाराची बाजू घेणार नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्यावरचं व्यंग आणि जो सत्तेकडे काही मागतो आहे त्याच्यावरचं व्यंग, यांना एकाच तागडीत टाकणं हा आळस आहे.

२०१२ चं पाठ्यपुस्तकातल्या व्यंगचित्राचं प्रकरण याहून अवघड होतं. शंकर यांनी १९४९ च्या सुमारास काढलेलं चित्र: संविधान नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, हातात चाबूक, आणि मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ते छापलं होतं. बाबासाहेबांच्या मागे चाबूक दिसल्यावर ज्यांच्या मनात कळ उठली, त्यांची वेदना खोटी नव्हती. या देशात चाबूक कोणाच्या पाठीवर पडत आला हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण त्या पानावर चित्राखाली विद्यार्थ्यांना एक प्रश्नही विचारलेला होता: संविधान सभेला एवढा वेळ का लागला असेल? आणि धड्यात त्याचं उत्तर होतं, की चर्चा, मतभेद आणि सहमती यांना वेळ लागतो. म्हणजे चित्रकाराच्या घाईला पुस्तकच उत्तर देत होतं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या खोलीत तोडफोड झाली. अशा वेळी चित्रासोबत ते अख्खं पान वाचकापुढे ठेवणं, हे काम फक्त वर्तमानपत्रच करू शकतं. चित्राचा दुखरा इतिहासही सांगायचा आणि धड्याचा मजकूरही द्यायचा. दोन्ही वाचून माणसं वेगवेगळ्या मतावर गेली तर जाऊ द्यावीत.

माध्यमं नेहमीच मागे सरतात असंही नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. १० डिसेंबर १९७५ ला, ऐन आणीबाणीत, इंडियन एक्सप्रेसने अबू अब्राहम यांचं चित्र छापलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद स्नानाच्या टबात बसून वटहुकमावर सही करून कागद बाहेर देताहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर त्यांना थांबायला सांगा, असं म्हणताहेत. त्या एका चौकटीने आणीबाणीचा कारभार जसा उघडा केला, तसा त्या वेळच्या एकाही अग्रलेखाला करता आला नाही.

१९८७ ची मद्रासची गोष्ट तर प्रत्येक संपादकाला पाठ असायला हवी. 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एक विनोद छापला होता: मंचावरच्या दोघांपैकी आमदार कोण आणि मंत्री कोण? खिसेकापूसारखा दिसतो तो आमदार, दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. विधानसभेने हक्कभंग मानून संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. त्यांनी माफी मागितली नव्हती. देशभरातल्या पत्रकारांनी आवाज उठवला आणि दोन-तीन दिवसांत त्यांना सोडावं लागलं. ते तिथे थांबले नाहीत, न्यायालयात गेले, आणि १९९४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती शिक्षा बेकायदा ठरवून त्यांना एक हजार रुपयांची भरपाई दिली. त्याच समूहाचं संकेतस्थळ फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झालं. अमेरिकेने भारतीयांना बेड्या घालून परत पाठवलं होतं, त्यावर ट्रम्प यांच्या शेजारी साखळदंडात बसलेले पंतप्रधान मोदी, असं चित्र होतं. मार्चमध्ये न्यायालयाने संकेतस्थळ खुलं करायला सांगितलं, पण चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर. १९८७ सारखा एकमुखी आवाज या वेळी निघाला नाही, याची मला खंत आहे.

आणि एक अलीकडची जमेची बाजू. सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी सत्यपडताळणी कक्षाला देणाऱ्या २०२३ च्या नियमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात पहिली याचिका कामराने केली. त्याचं म्हणणं होतं की राजकीय व्यंगावर उपजीविका करणाऱ्याला हा नियम गप्प करील. मग संपादकांची एडिटर्स गिल्ड, नियतकालिकांची संघटना आणि वृत्तवाहिन्यांची संघटनाही न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. विनोदकार आणि संपादक एकाच बाजूला उभे राहिल्यावर काय होतं, ते यातून दिसतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. बातमी आली की सगळ्यात आधी मूळ चित्र किंवा पूर्ण चित्रफीत स्वतः पाहा. दुसऱ्या वाहिनीने कापलेला तुकडा पुरत नाही. पहिल्या दोन परिच्छेदांत व्यंगात काय म्हटलं होतं ते साध्या शब्दांत लिहा. कोणत्या घटनेवर ते बेतलेलं आहे, तेही लिहा, कारण वाचकाला २०२२ आठवेलच असं गृहीत धरता येत नाही. चित्र छापता येत असेल तर छापण्यासाठी मुख्य उपसंपादकाशी भांडा. नाहीच जमलं तर त्याचं नीट वर्णन करा. तोडफोड झाली असेल तर तो स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहा. 'वादग्रस्त गाण्यामुळे संतप्त कार्यकर्त्यांनी' अशी सुरुवात केलीत, तर तोडफोडीचं समर्थन तुमच्याच पहिल्या ओळीत होऊन जातं. 'खारमधल्या स्टुडिओत घुसून खुर्च्या आणि दिवे फोडले, अमुक पक्षाचे इतके जण अटकेत' असं लिहा. कारण पुढच्या परिच्छेदात येऊ द्या.

एफआयआरची प्रत मिळवा. कलमं नावानिशी छापा, कोणत्या कलमात किती शिक्षा आहे ते द्या, आणि तपास अधिकाऱ्याला विचारा की १७३(३) खाली प्राथमिक चौकशी झाली का, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतली का. हा प्रश्न फार थोडे वार्ताहर विचारतात. महापालिका कारवाईला आली असेल, तर नोटीस कधीची आहे ते पाहा. व्यंग करणाऱ्याचं म्हणणं घेताना 'माफी मागणार का' एवढंच विचारू नका. त्याने जो आरोप केला, त्याचा आधार विचारा, आणि तोच आरोप घेऊन नेत्याकडे जा. नेत्याला 'तुम्ही दुखावलात का' असं विचारण्याऐवजी 'हे खरं आहे का' असं विचारा.

शेवटी, पाठपुरावा. अशी प्रकरणं चार दिवस गाजतात आणि मग सगळे विसरतात. कामराला मद्रास उच्च न्यायालयाने २८ मार्चला अंतरिम संरक्षण दिलं, मुंबई उच्च न्यायालयाने २५ एप्रिलला अटकेपासून दिलासा दिला. या बातम्या आतल्या पानांवर लहानशा आल्या. तोडफोडीच्या खटल्याचं काय झालं हे तर शोधावं लागतं. तुमच्या डायरीत दोन्ही गुन्ह्यांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्हींची चौकशी करा. एकात आरोपपत्र दाखल झालं आणि दुसऱ्यात झालं नाही, तर ती पहिल्या पानाची बातमी आहे.